अभिवृत्ती कशी घडते, कशी बदलते आणि वागण्यात उतरते का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मानसशास्त्र शिकवते. परीक्षेच्या आधी विद्यार्थ्यांचे आणि एरवी वर्षभर सोसायटीचे सेक्रेटरी, पालक, शिक्षक यांचे या विषयावरचे प्रश्न येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. अभिवृत्ती म्हणजे नेमकं काय? मत, स्वभाव आणि अभिवृत्ती एकच ना?

एकच नाहीत. एखादी वस्तू, व्यक्ती, समूह किंवा कल्पना यांच्याबद्दल मनात असलेला, बऱ्यापैकी टिकणारा अनुकूल किंवा प्रतिकूल कल म्हणजे अभिवृत्ती. तिच्यात तीन गोष्टी असतात. भटक्या कुत्र्यांचं उदाहरण घ्या. ‘ही कुत्री चावतात’ हा विचार, गल्लीत कुत्रं दिसताच छातीत होणारी धडधड ही भावना, आणि लांबचा रस्ता धरणं हा वर्तनाचा कल. मत हा बहुतेक वेळा यातला फक्त बोलून दाखवलेला भाग असतो. स्वभाव माणसाला सगळीकडे चिकटलेला असतो; अभिवृत्ती मात्र नेहमी कशाबद्दल तरी असते.

हे तीन भाग एकमेकांशी जुळतीलच असं नाही. पुढचे बहुतेक प्रश्न त्यातूनच आले आहेत.

२. ती तयार कशी होते? आईवडिलांकडून येते की अनुभवातून?

दोन्हीकडून, आणि आणखी एका वाटेने: नुसत्या सवयीच्या ओळखीतून. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये लोकांना अर्थ न कळणारी चिन्हं आणि शब्द कमीअधिक वेळा दाखवले. जी चिन्हं जास्त वेळा दिसली, ती लोकांना जास्त चांगली वाटली. कारण विचारलं असतं तर कोणाला सांगता आलं नसतं. जाहिरातदार आणि निवडणुकीतले उमेदवार याच्यावरच पैसे खर्च करतात. अर्थात जी गोष्ट पहिल्यापासून नकोशी आहे, ती वारंवार समोर आणल्याने आवडू लागत नाही.

घरातल्या शिकवणुकीबद्दल एक गोष्ट पालकांना मुद्दाम सांगते. मूल तुमचं व्याख्यान कमी आणि तुमचा चेहरा जास्त वाचतं. गणिताचं पुस्तक उघडताना आईच्या कपाळावर पडलेली आठी, कचरा न्यायला आलेल्या ताईंशी बोलताना बाबांचा बदललेला आवाज, या गोष्टी मूल कोणी न शिकवता उचलतं. मग ‘आम्ही तर असं कधी बोललो नाही’ हे पालकांचं म्हणणं खरं असतं, तरी अभिवृत्ती घरातूनच गेलेली असते.

जुळ्यांच्या अभ्यासांतून काही अभिवृत्तींमध्ये आनुवंशिकतेचाही थोडा वाटा दिसतो. ‘पुरणपोळी आवडणे’ असा जनुक असतो, असा त्याचा अर्थ नाही. स्वभावाची ठेवण, संवेदनांची तीव्रता अशा गोष्टींतून तो परिणाम आडवाटेने येतो.

३. मनातली गोष्ट मोजतात कशी? लोक खोटं सांगत नाहीत का?

सांगतात, किंवा शोभेल तेवढंच सांगतात. लुई थर्स्टन यांनी १९२८ मध्ये अभिवृत्ती मोजता येते असं मांडलं. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी सोपी पद्धत आणली: ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पायऱ्या. आज हॉटेलच्या अभिप्रायापासून कॉलेजच्या प्रकल्पापर्यंत तीच वापरतात. १९९८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रतिसादाच्या वेगावरून सुप्त कल मोजणारी चाचणी आणली. संशोधनासाठी ती उपयोगी आहे, पण एकट्या माणसाचं वागणं तिच्यावरून सांगणं योग्य नाही. ऑनलाइन चाचणीचा निकाल पाहून स्वतःला ‘पूर्वग्रहदूषित’ ठरवून बसू नका.

४. हेल्मेट घालावं हे पुण्यात सगळ्यांना पटतं. मग ते आरशाला का लटकलेलं असतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, त्यामुळे उत्तर थोडं लांब आहे.

पटणं आणि करणं यांतलं अंतर मानसशास्त्राला जुनं आहे. रिचर्ड लापियर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल उघड वैर होतं. तरी २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, ‘चिनी पाहुणे घ्याल का?’ ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘नाही’ म्हटलं. हे १९३४ मध्ये छापून आलं. १९६९ मध्ये अ‍ॅलन विकर यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा अभिवृत्ती आणि वर्तन यांचा संबंध बहुतेक ठिकाणी क्षीणच निघाला. ही संकल्पनाच टाकून द्यावी, असंही तेव्हा काहींना वाटलं.

ती टाकावी लागली नाही, कारण चूक प्रश्न विचारण्यात होती. डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांनी १९७९ मध्ये स्त्रियांना आधी संततिनियमनाबद्दल सर्वसाधारण प्रश्न विचारला. त्या उत्तराचा पुढच्या दोन वर्षांत गोळ्या घेण्याशी सहसंबंध निघाला ०.०८, म्हणजे जवळजवळ शून्य. मग विचारलं, ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याबद्दल काय वाटतं?’ आता तो ०.५७ झाला.

हेल्मेटचंही तसंच. ‘हेल्मेट चांगलं का?’ याला सगळे हो म्हणतात. पण वागणं ठरतं ते ‘आत्ता, या उन्हात, कोपऱ्यावरून दूध आणायला जाताना मी ते घालणं मला कसं वाटतं?’ या प्रश्नावर. त्याचं उत्तर पुष्कळदा ‘नको’ असंच असतं.

आइसेक आयझेन यांनी यात आणखी दोन गोष्टी जोडल्या. एक, माझ्या जवळच्या लोकांना काय अपेक्षित आहे असं मला वाटतं. दोन, ते करणं माझ्या हातात आहे असं वाटतं का. ऑफिसात हेल्मेट ठेवायला जागा नसेल, तर चांगली अभिवृत्ती तिथेच अडते. आणि लोकांचं पाहून काय होतं, हे पुण्यातच दिसतं. गाडीवर निघताना चेहऱ्याभोवती स्कार्फ बांधायला कोणता कायदा लागला? एकीचं पाहून दुसरीने बांधला आणि तो शहराची खूण झाला. हेल्मेटचा कायदा मात्र जुना असूनही २०१९ च्या सुरुवातीला कडक अंमलबजावणी झाली, तेव्हा शहरात सक्तीविरुद्ध आंदोलन झालं. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं ‘हेल्मेट वाईट’ असं नव्हतं, ‘सक्ती नको’ असं होतं. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

५. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, आणि स्वतः लग्न केलं अकरा वर्षांच्या मुलीशी. हे ढोंग नाही का?

वर्गात हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण पुस्तकातलं आकृतीचित्र इथे माणूस होतं.

१८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीत उघडपणे होते. मुलगा विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईने रमाबाईंशी लग्न ठरवलं. रानड्यांनी विरोध केला, पण वडिलांचा शब्द मोडला नाही. सुधारकांनी त्यांना तेव्हाच धारेवर धरलं होतं.

प्रश्न ४ मधले भाग इथे लावून पाहा. अभिवृत्ती खरी आणि पक्की होती. पण ती होती विधवाविवाहाबद्दल. वडिलांना दुखावण्याबद्दल त्यांची वेगळी अभिवृत्ती होती, आणि त्या दिवशी तीच जास्त जोरकस ठरली. ढोंगी माणसाला आपण बोललो ते पटलेलंच नसतं. रानड्यांना ते पटलेलं होतं. म्हणून जिथे निर्णय त्यांच्या हातात होता तिथे ते वेगळे वागले. घरातल्या बायकांचा विरोध असताना त्यांनी रमाबाईंना शिकवलं, आणि त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या.

वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि गावाचा बहिष्कार सोसला. कर्व्यांचं मन रानड्यांपेक्षा शुद्ध होतं, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. दोघांभोवतीचा दबाव वेगळा होता. त्या अकरा वर्षांच्या मुलीवर झालेला अन्याय मात्र यातल्या कोणत्याही सिद्धान्ताने कमी होत नाही. स्पष्टीकरण देणं म्हणजे माफ करणं नव्हे, हे मी दर वर्षी सांगते.

६. आधी वागणं बदललं तर मत मागून बदलतं, हे खरं आहे का?

बऱ्याचदा खरं आहे. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा १९५९ चा प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं: रिळं ठेवा, काढा, खुंट्या फिरवा. मग पुढच्या विद्यार्थ्याला ‘काम मजेचं आहे’ असं सांगायला लावलं. त्यासाठी कोणाला एक डॉलर दिला, कोणाला वीस. नंतर काम खरंच आवडलं का, असं विचारलं. वीसवाल्यांपेक्षा एक डॉलरवाल्यांना ते जास्त आवडलं होतं! वीस डॉलर मिळालेल्याजवळ खोटं बोलायला कारण होतं. एकवाल्याजवळ नव्हतं, म्हणून त्याच्या मनाने कामाबद्दलचं मतच बदलून ताण मिटवला. या ताणाला बोधात्मक विसंगती म्हणतात.

या सिद्धान्ताचं बीज आपल्याकडचं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नव्हती, तिथे आणखी भयंकर संकटाच्या अफवा पसरल्या. भीती वाढवणाऱ्या अफवा घाबरलेल्या माणसांनी का उचलाव्यात? फेस्टिंगर यांना वाटलं, भीती आधीच मनात होती, तिला शोभेल असं कारण हवं होतं. तिथून ते विसंगतीच्या कल्पनेकडे गेले.

७. फेस्टिंगर बरोबर की डॅरिल बेम? परीक्षेत काय लिहू?

दोघांची हद्द लिही. बेम म्हणतात, ताण वगैरे काही नसतो. आपण स्वतःचं वागणं बाहेरच्या माणसासारखं पाहतो आणि त्यावरून मत ठरवतो. ‘मी रोज चहा सोडून कॉफी घेते, म्हणजे मला कॉफी आवडत असणार.’ झॅना आणि कूपर यांनी १९७४ मध्ये लोकांना निरुपद्रवी गोळी दिली, काहींना ‘हिने अस्वस्थ वाटेल’ असं सांगितलं, आणि मग स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायला लावला. अस्वस्थ वाटेल असं सांगितलेल्यांनी आपल्या ताणाचा दोष गोळीला दिला आणि मत बदललं नाही. म्हणजे विसंगतीत ताण असतो. १९७७ मध्ये याच दोघांनी रसेल फॅझिओंबरोबर दाखवलं की वागणं मूळ मताच्या अगदी उलट असेल तर फेस्टिंगर लागू पडतात, आणि मत कच्चं असेल किंवा वागणं त्याच्या आसपासच असेल तर बेम.

८. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा होत नाही. दंड लावावा की बक्षीस ठेवावं?

दोन्ही हाताशी ठेवा, पण छोटे ठेवा, आणि सुरुवात तिथून करू नका.

मोठ्या बक्षिसाचा तोटा प्रश्न ६ मधल्या वीस डॉलरवाल्यांसारखाच. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना ‘काढलंत तर प्रमाणपत्र’ असं आधी सांगितलं. नंतर ती मुलं आपणहून कमी वेळ चित्रं काढू लागली. काम बक्षिसासाठी झालं की बक्षिसाबरोबर थांबतं. मोठ्या दंडाचा तोटा वेगळा: स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणूस नेमकी तीच गोष्ट धरून बसतो. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये हे सविस्तर मांडलं.

आता नोटीस बोर्डाकडे या. ‘आपल्या सोसायटीत निम्मे लोक कचरा वेगळा करत नाहीत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे’ असा फलक मी अनेक जिन्यांत वाचला आहे. तो आजच काढा. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले. ‘पूर्वी अनेकांनी तुकडे नेले, त्याने उद्यानाचं रूप बिघडलं’ असा फलक लावला तेव्हा सुमारे ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ अशा फलकाला २ टक्क्यांहून कमी. ‘बरेच जण करत नाहीत’ हे वाचून माणूस एवढंच शिकतो की न करणारा तो एकटा नाही.

मग करायचं काय? जे करतात त्यांची संख्या खरी असेल ती लिहा. दोन डबे घरापर्यंत पोचवा. घंटागाडीची किंवा कचरा न्यायला येणाऱ्या ताईंची वेळ पक्की करा. मिसळलेला कचरा हाताने वेगळा करावा लागतो तेव्हा काच आणि सॅनिटरी पॅड कोणाच्या हाताला लागतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकवा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कित्येक वर्षं दारोदार काम करते आहे. त्या ताई हे कोणत्याही व्याख्यात्यापेक्षा नीट सांगतील.

९. अपघाताचे, तंबाखूच्या कॅन्सरचे फोटो दाखवून घाबरवलं तर फरक पडतो का?

नुसत्या भीतीने इरादा बदलतो, पाऊल उचललं जाईलच असं नाही. हॉवर्ड लेव्हेंथाल यांनी १९६५ मध्ये येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लशीसाठी कमीअधिक घाबरवणारी पत्रकं वाटली. ज्यांना दवाखान्याचा नकाशा दिला आणि ‘तुमच्या वेळापत्रकात कधी जाल ते ठरवा’ असं सांगितलं, त्यांच्यातल्या २८ टक्क्यांनी लस घेतली. असं न सांगितलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी. भीतीबरोबर सुटकेची वाट दाखवली नाही, तर माणूस फोटोवरून नजर काढून घेतो.

१०. काका फॅमिली ग्रुपवर काहीही फॉरवर्ड करतात. पुरावा दिला की जास्तच हट्टाला पेटतात. काय करू?

पुरावा दिल्याने उलट परिणाम होतो, हे २०१० मधल्या एका अभ्यासानंतर फार गाजलं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो परिणाम क्वचितच सापडला. म्हणजे दुरुस्ती सांगणं वाया जात नाही. काकांचा हट्ट बहुधा वेगळ्या कारणाने असतो: सगळ्या भाचेकंपनीसमोर मोठ्या माणसाची चूक काढली गेली. तिथे ते माहितीचं नव्हे, मानाचं रक्षण करत असतात.

म्हणून त्यांना वेगळा मेसेज करा, शक्य असेल तर फोनच करा. ‘काका, हे तुम्हाला कुठून आलं? मी शोधलं तर असं दिसलं.’ ग्रुपवर फक्त बरोबर माहिती टाका, नाव न घेता. चुकीचं वाक्य खोडण्यासाठीसुद्धा पुन्हा पुन्हा लिहू नका. वारंवार ऐकलेलं वाक्य खरं वाटू लागतं, हे १९७७ पासून माहीत आहे. कोणी सांगितलं ते माणूस विसरतो आणि काय सांगितलं ते उरतं, ही आणखी एक अडचण.

सगळ्यात चांगलं म्हणजे आधीच सावध करणं. विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की खोट्या युक्तिवादाचा सौम्य नमुना आणि त्याचं उत्तर आधी दिलं, तर पुढचा जोरदार हल्ला माणूस परतवतो. निवडणुकीच्या आधी, साथीच्या आधी हे करायचं असतं.

११. वेगळ्या जातीधर्माच्या लोकांबरोबर राहिलं की पूर्वग्रह आपोआप जातो ना?

आपोआप नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या: समान दर्जा, सामाईक ध्येय, एकमेकांच्या सहकार्याने काम, आणि वरच्यांचा किंवा नियमांचा पाठिंबा. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, आणि या अटी पाळल्या तर जास्त.

आता घरातलं पाहा. स्वयंपाकाच्या मावशी पंधरा वर्षं रोज येतात, पण त्यांचा कप वेगळा. हा रोजचा संपर्कच आहे, आणि तो पूर्वग्रह दररोज पक्का करतो. कप एक करा, मग संपर्काबद्दल बोलू. याउलट गणेशोत्सवाच्या ढोलपथकात कोथरूडचा आणि येरवड्याचा मुलगा एकाच सरावाला, एकाच तालात, एकाच शिस्तीत उभे राहतात, तिथे चारही अटी पुष्कळशा पूर्ण होतात.

भाडेकरूंबद्दल बरेच जण विचारतात. ‘आमची हरकत नाही, पण सोसायटीला चालत नाही’ असं प्रत्येक सभासद खासगीत सांगतो. अशा वेळी गुप्त मतदान घेऊन पाहा. प्रत्येकाला इतरांचा विरोध वाटत असतो आणि प्रत्यक्षात तो तेवढा नसतो, असं पुष्कळदा निघतं. शिवाय हा विरोध अजून न पाहिलेल्या भाडेकरूला असतो; लापियर यांच्या पत्रांना आलेले नकारही असेच न पाहिलेल्या पाहुण्यांसाठी होते (प्रश्न ४).

१२. छोट्या गोष्टीला हो म्हणवून घेतलं की मोठ्या गोष्टीला हो म्हणतात, हे तंत्र वापरावं का?

तंत्र चालतं. फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ मध्ये अंगणात ‘जपून चालवा’ असा मोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं विचारलं. थेट विचारल्यावर सुमारे १७ टक्के हो म्हणाले. आधी याच विषयाची छोटी पट्टी खिडकीत लावून घेतलेल्यांपैकी ७६ टक्के. वृक्षारोपणासाठी जरूर वापरा. पण ‘व्हिडिओ लाइक करा, पन्नास रुपये मिळवा’ म्हणत सुरू होणारी आणि लाखांवर जाणारी ऑनलाइन फसवणूकही याच पायऱ्यांवरून चढते. तंत्र वापरताना शेवटची पायरी समोरच्याला आधी सांगता येईल का, हे स्वतःला विचारा. सांगता येत नसेल तर वापरू नका.

१३. मुलगी नांदेडहून पुण्यात शिकायला आली आणि तिची सगळी मतंच बदलली. हे टिकतं की घरी आली की ओसरतं?

पुढे ती कोणात राहते यावर पुष्कळ अवलंबून आहे. थिओडोर न्यूकम यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बेनिंग्टन कॉलेजात पाहिलं, की सनातनी घरांतून आलेल्या मुली शिकता शिकता उदारमतवादी होत गेल्या. पंचवीस वर्षांनी पुन्हा शोधलं, तेव्हा बहुतेकींची मतं टिकली होती. त्यांनी मित्रमंडळ आणि जोडीदारही त्याच विचारांचे निवडले होते. ज्यांच्या भोवती तसे लोक नव्हते, त्या जुन्या मतांकडे वळण्याची शक्यता जास्त होती.

पालकांना एवढंच सांगते: मत बदललं म्हणजे मुलगी तुटली असं नाही. तिच्याशी वाद घालून तिला तिच्या नव्या मतावर पक्कं करू नका. ती जे म्हणते ते तिच्याकडून पूर्ण ऐका.

१४. मेट्रो मनापासून आवडते, घराजवळ स्टेशनही आहे. तरी सकाळी हात स्कूटरच्या किल्लीकडेच जातो. अभिवृत्ती चांगली, अडथळा नाही, दबाव नाही. मग काय कमी पडतं?

हा खरा अपवाद. प्रश्न ४ मधलं सगळं अनुकूल असूनही वागणं बदलत नाही, कारण तिथे निर्णयच होत नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी केलेली गोष्ट मत न विचारता घडते. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. त्याआधीची अनेक वर्षं तुमच्या हाताने किल्लीच उचलली आहे. मेट्रो किती चांगली आहे, हे स्वतःला आणखी पटवून उपयोग नाही.

दोन गोष्टी करून पाहा. किल्ली जागेवरून हलवा आणि तिथे मेट्रोचं कार्ड ठेवा. आणि वाक्य ठरवा: ‘सोमवारी साडेआठला बूट घातले की मी स्टेशनकडे वळेन.’ पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासांतून दिसतं की ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं बांधलेलं वाक्य ‘मी आता मेट्रोने जाईन’ या नुसत्या इराद्यापेक्षा जास्त पाळलं जातं. येत्या काळात घर किंवा नोकरी बदलणार असाल तर बदल त्याच आठवड्यात सुरू करा. नव्या घरात आल्यावर पहिले साधारण तीन महिने सवयी सैल असतात, असं बास व्हरप्लँकन यांना इंग्लंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासात आढळलं. नव्या घरी सामान लावताना स्कूटर पार्किंगच्या अगदी आतल्या कोपऱ्यात लावून टाका.